शाश्वत विकासाची १७ ध्येयं आणि आपल्या जवळचं विद्यापीठ

कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये हल्ली एक पोस्टर हमखास असतं. १७ रंगीत चौकोन, वर मोठ्या अक्षरात शाश्वत विकास ध्येये, कोपऱ्यात यूएनचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा लोगो. पोरं रोज त्याच्या समोरून जातात पण ह्याचा आपल्याशी आणि आपल्या डिग्रीशी काय संबंध हे त्यांना सहसा कुणी सांगत नाही. संबंध आहे आणि चांगला घट्ट आहे, तोच इथे सरळ मांडायचा प्रयत्न करतो, आणि उदाहरणं शक्यतो आपल्या महाराष्ट्रातलीच घेतो कारण दूरची उदाहरणं वाचून कुणाचंच डोकं चालत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात. २००० च्या सुमाराला यूएनच्या पुढाकाराने आठ ध्येयं ठरली होती, मुख्यतः गरीब देशांसाठी, मुदत २०१५. ती मुदत संपताना सप्टेंबर २०१५ मध्ये १९३ देशांनी नवी यादी मान्य केली, १७ ध्येयं आणि त्यांच्या पोटात १६९ टार्गेट्स, मुदत २०३०, आणि ह्यावेळी ती श्रीमंत-गरीब सगळ्यांना लागू. गरिबी, भूक, आरोग्य, शिक्षण, बाईमाणसाला बरोबरीचं स्थान, पाणी, वीज, रोजगार, शहरं, हवामान, जंगल, समुद्र, न्याय, म्हणजे जगण्यातलं जवळपास सगळं आलं त्यात. परिस्थिती काय तर २०२४ च्या यूएनच्याच रिपोर्टप्रमाणे ज्या टार्गेट्सची प्रगती मोजता आली त्यातली फक्त १७ टक्के वेळेत पूर्ण होण्याच्या वाटेवर होती.

मग ह्यात विद्यापीठ कुठे येतं? नेहमीचं उत्तर म्हणजे विद्यापीठ शिक्षण देतं, चौथं ध्येय शिक्षणाचं आहे, झालं. हे उत्तर चूक नाही पण फार अपुरं आहे. उलट बाजूने बघा. सहाव्या ध्येयाचं पहिलं टार्गेट म्हणतं की २०३० पर्यंत प्रत्येकाला सुरक्षित आणि परवडणारं पिण्याचं पाणी मिळालं पाहिजे. हे काम प्रत्यक्षात कोण करणार? ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, पाणीपुरवठा विभाग. त्यांच्याकडे अधिकार आहेत, थोडाफार निधी आहे. पण ग्रामसेवकाकडे चार योजनांच्या फाइली, ज्युनिअर इंजिनीअरकडे कितीतरी गावं, त्यामुळे विहीर मार्चमध्येच का आटते, नळ असून शेवटच्या गल्लीत पाणी का चढत नाही हे शांतपणे बसून मोजायला आणि शोधायला त्यांच्यातल्या कुणाकडे वेळच नसतो. तो वेळ, ती मोजायची साधनं आणि "हे असं का होतंय" असं विचारायची परवानगी आपल्या समाजात एकाच जागेला दिलेली आहे आणि ती म्हणजे कॉलेज आणि विद्यापीठ. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, पुढचं सगळं त्याचाच तपशील.

सुरुवात मोजण्यापासून करू कारण त्याकडे लोकांचं लक्ष जात नाही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, १९५६ ची, अभिमत विद्यापीठ आहे ते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ह्या संस्थेच्या देखरेखीखाली होतं. घरोघरी जातात ते एजन्सीचे लोक पण प्रश्नावली, कुठली घरं निवडायची त्याचं शास्त्र, ट्रेनिंग, तपासणी, शेवटचा हिशेब हे सगळं ह्या संस्थेचं. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत देशभरातली सहा लाख छत्तीस हजारांहून जास्त घरं, ७०७ जिल्हे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घेऊन हिमोग्लोबिन तपासतात, लहान मुलांची उंची-वजन घेतात. त्यातून कळलं की महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आहे, म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे, आधीच्या फेरीत हाच आकडा ४८ होता, म्हणजे वाढला. पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी राहिलेली. नीती आयोग राज्यांचा एसडीजी इंडेक्स (एसडीजी म्हणजे हीच शाश्वत विकास ध्येयं) काढतो त्यात असे आकडे जातात, विधानसभेत त्यावर प्रश्न येतात, बजेटमध्ये त्यांचा आधार घेतात. हे मोजणारं कुणी नसतं तर आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायका थकलेल्या शरीराने घर आणि शेत ओढतायत हे सरकारी कागदावर कधी आलंच नसतं.

आता मोजलं, पुढे काय. ह्याच अ‍ॅनिमियाचा दुसरा धागा परभणीला जातो. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठं आहेत, राहुरी, अकोला, दापोली आणि परभणी, सगळी १९६८ ते १९७२ ह्या चार-पाच वर्षांत झालेली. ह्यांच्या कायद्यातच तीन कामं आहेत, शिक्षण, संशोधन आणि विस्तार, आणि विस्तार म्हणजे जे शोधलं ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेणं. हा तिसरा भाग बाकीच्या विद्यापीठांना सुरुवातीपासून असता तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं. तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट ह्या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेबरोबर काम करून २०१८ मध्ये "परभणी शक्ती" नावाचं ज्वारीचं वाण आणलं, मुद्दाम लोह आणि जस्त जास्त असलेलं. साध्या ज्वारीत किलोला साधारण ३० मिलिग्रॅम लोह धरतात, ह्यात ४५ च्या आसपास, जस्त २० च्या जागी ३२. कल्पना साधी आहे, मराठवाड्यातली बाई भाकरी खातेच, गोळी घ्यायची तिला आठवण राहील न राहील, तर लोह भाकरीतूनच जाऊ द्या.

पण इथे थांबलं तर अर्धीच गोष्ट सांगितल्यासारखं होईल. धान्यातलं लोह शरीर तसं कमीच शोषतं, त्यात जेवणावर लगेच चहा घेतला तर आणखी कमी. शिवाय ज्वारीचा पेरा कमी झालाय, रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, भाकरी थापायला वेळ आणि हात लागतात. आणि शेतकरी वाण निवडताना लोह बघत नाही, कडबा किती निघतो ते बघतो कारण जनावरं आहेत, भाकरीची चव बघतो, पाखरं किती खातात ते बघतो, बाजारात भाव काय ते बघतो. म्हणजे हा प्रश्न नवं वाण तयार करणाऱ्या एकट्या पैदासकाराच्या हातात राहत नाही. बियाणं कृषीवाल्यांनी दिलं, भाकरी खाऊन रक्तात खरंच फरक पडला का ते मेडिकल कॉलेजने तपासायला हवं, घरात आधी कोण जेवतं आणि शेवटी उरलेलं कोण खातं हे समाजशास्त्रवाल्यांनी विचारायला हवं, अंगणवाडीच्या आहारात ते धान्य कसं बसवायचं हे गृहविज्ञानच्या मुलींनी करून बघायला हवं. हे सगळे विभाग विद्यापीठांत आहेत, पण पगार वेगळे, इमारती वेगळ्या, पेपर वेगळे, त्यामुळे एकमेकांना भेटत नाहीत. भूक दोन नंबरला, आरोग्य तीनला, स्त्रियांचा प्रश्न पाचला असे कागदावर आकडे वेगळे दिले तरी घरातली बाई एकच असते, तिच्या ताटात हे तिन्ही प्रश्न एकदम वाढलेले असतात.

पाण्याचं उदाहरण सगळ्यात जास्त समजून घेण्यासारखं आहे, म्हणून जरा निवांत सांगतो. आयआयटी मुंबईत १९८५ पासून सितारा नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञान हा त्याचा विषय. तिथले विद्यार्थी मुंबईच्या आसपासच्या टँकरवाल्या तालुक्यांमध्ये जाऊन नळयोजना का बंद पडतात, वाडीवर पाणी का पोचत नाही ह्याचा अभ्यास करत आलेत, त्यावर डिग्र्या घेतल्यात. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने राज्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प आला, गावाकडे ज्याला सगळे पोकरा म्हणतात, मराठवाडा-विदर्भ आणि जळगाव धरून पाचेक हजार गावांचा. त्यात प्रत्येक गावाचा पाण्याचा ताळेबंद काढायचा होता आणि तो काढायची पद्धत आणि सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईने बसवून दिलं.

ताळेबंद म्हणजे काय ते एका काल्पनिक गावावर करून बघू, आकडे साधे घेतो. गावाचं क्षेत्र १,००० हेक्टर, पाऊस ६०० मिलिमीटर. गुणाकार केला की गावावर वर्षाला ६० लाख घनमीटर पाणी पडतं, म्हणजे ६०० कोटी लिटर. आता लोकसंख्या २,००० धरा, जलजीवन मिशनच्या हिशेबाने माणशी रोज ५५ लिटर, तर वर्षाचं पिण्या-वापरायचं पाणी झालं साधारण ४ कोटी लिटर. पडतं ६०० कोटी, घरात लागतं ४ कोटी, आणि तरी एप्रिलमध्ये टँकर! पहिल्यांदा हा हिशेब ऐकला की माणूस गप्प होतो. गेलं कुठे पाणी? काही वाहून ओढ्याला गेलं, बरंच मातीत मुरून पिकाने घेतलं, काही उन्हाने उडालं, आणि खाली आपल्याकडे बहुतेक ठिकाणी काळा पाषाण, बेसॉल्ट, त्यात पाणी साठायला भेगा आणि मुरमाचा थर एवढीच जागा, म्हणजे जमिनीतली टाकीच छोटी. त्या छोट्या टाकीत जे उरलं त्यावर विहिरी आणि बोअर. आता उसाला वर्षाला साधारण २,००० मिलिमीटर पाणी लागतं असं धरू, त्यातले ६०० पावसाचे वजा करा, उरलेले १,४०० मिलिमीटर म्हणजे हेक्टरी १ कोटी ४० लाख लिटर. भागाकार करा, तीन हेक्टरच्या आतच, म्हणजे जेमतेम सात एकर ऊस अख्ख्या गावाच्या वर्षभराच्या पिण्याच्या पाण्याएवढं पाणी पितो.

ह्यात शेतकऱ्याला दोषी ठरवायचं नाहीये, उसाला हमीचा भाव आहे आणि कारखाना उचलतो, बाकीच्या पिकांचं तसं नाही, तो त्याच्या जागी बरोबरच आहे. पण हा हिशेब ग्रामसभेत मांडला गेला तर भांडण "सरकार टँकर देत नाही" ह्यावरून "आपण कुठलं पीक किती घ्यायचं आणि बोअर किती खोल मारायची" ह्यावर येतं, आणि पाणी प्रत्यक्षात ठरतं ते ह्या दुसऱ्या भांडणात. माझ्या उदाहरणात मी सगळं गोळाबेरीज धरलं, खऱ्या पद्धतीत माती किती खोल, उतार किती, कुठलं पीक कधी पेरलं, पाऊस एकदम पडला की भिजपाऊस झाला हे सगळं धरतात, म्हणून तिथे प्राध्यापक, नकाशे आणि कॉम्प्युटर लागतात. आणि आयआयटी प्रत्येक गावात जाऊ शकत नाही हे तर उघडच आहे, म्हणून राज्य सरकारने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान काढलं, जिल्ह्यातल्या इंजिनीअरिंग कॉलेजांनी आपल्याच जिल्ह्यातल्या पाणी, रस्ते, वीज, ऊर्जा अशा कामांचे अभ्यास करायचे, जिल्हा प्रशासनाने त्यांच्याकडून ते करून घ्यायचे. केंद्राचंही उन्नत भारत अभियान २०१४ पासून आहे, त्यात कॉलेजने निदान पाच गावं निवडायची असतात.

समानतेच्या आणि शिक्षणाच्या ध्येयांबद्दल फार लांबवत नाही, पण एवढं लक्षात ठेवा की ही ध्येयं यूएनने लिहायच्या जवळपास शंभर वर्षं आधी, १९१६ मध्ये, महर्षी कर्व्यांनी बायकांसाठी विद्यापीठ काढलं आणि मातृभाषेतून शिकवायचं ठरवलं, आजचं एसएनडीटी तेच. १९७४ मध्ये तिथेच नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र सुरू झालं, देशातलं पहिलं. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ चं, "ज्ञानगंगा घरोघरी" म्हणत ज्यांचं शिक्षण लग्नाने नाहीतर नोकरीने तुटलं त्यांना पुन्हा पदवीपर्यंत नेणारं. ही कामं कुठल्याही पोस्टरशिवाय झाली.

मग अडतंय कुठे? ह्याबद्दल स्पष्ट लिहायला हवं. पर्यावरण हा विषय कोर्टाच्या आदेशामुळे पदवीला सक्तीचा झाला त्याला वीस वर्षं होऊन गेली, पण बहुतेक ठिकाणी त्याचा प्रोजेक्ट म्हणजे नेटवरून उतरवलेली पंधरा-वीस पानं आणि स्पायरल बाइंडिंग. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, १९६९ पासून आहे, सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, पोरं खरंच राबतात, नाला साफ करतात, झाडं लावतात, रात्री पथनाट्य करतात, आणि आठव्या दिवशी परत येतात, आणि पुढच्या वर्षी ती झाडं जगली का हे बघायला कुणी जात नाही कारण ते कुणाच्या रिपोर्टमध्ये लागत नाही. नॅकला, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेला, फोटो लागतो, तारीख लागते, सरपंचाच्या सहीचं पत्र लागतं. २०१९ पासून तर जागतिक पातळीवर एसडीजीप्रमाणे विद्यापीठांचं रँकिंगही निघतं, ते वाईट आहे असं नाही, निदान त्या निमित्ताने विषय तरी निघतो, पण रँकिंगला कागद लागतात आणि कागद कॅम्पसमध्ये बसून तयार करता येतात. गावाचा प्रश्न सुटला का ह्याचा रकाना त्यात नसतो.

दुसरी अडचण माणसांची. कायम प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या आणि शिकवायला सीएचबीवरचे शिक्षक, म्हणजे तासाप्रमाणे पैसे. वर्गात उभं राहिलं तर तास धरला जातो, पोरांना घेऊन दिवसभर गावात विहिरी मोजत फिरलं तर त्याचे पैसे कुठल्या हेडखाली द्यायचे हेच ठरलेलं नसतं. अशा शिक्षकाकडून समाजाभिमुख संशोधनाची अपेक्षा करणं अन्याय आहे, आणि हे मी अगदी कळकळीने लिहितोय कारण असे कितीतरी जण स्वतःच्या खिशातून पेट्रोल घालून हे काम करतात. माझ्या मते ध्येयं गाठायची तर पहिला खर्च ह्या जागा भरण्यावर व्हायला हवा, बाकी सेमिनार-कॉन्फरन्स नंतर.

तिसरी अडचण भाषेची. अभ्यास गावात होतो, रिपोर्ट इंग्रजीत होतो, छापला जातो अशा जर्नलमध्ये जे त्या गावातलं कुणीच उघडणार नाही. ज्या बाईने दोन तास बसून पोरांना उत्तरं दिली तिला शेवटी काय निघालं ते कधीच कळत नाही. दुसऱ्या वेळी पोरं आली की ती दार लावून घेते, आणि बरोबर करते.

आता सध्याची संधी काय आहे ती सांगतो, कारण ती खरी आहे. नवीन शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे २०२३ पासून पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंट ह्यांना क्रेडिट आले. दोन क्रेडिट म्हणजे साधारण साठ तासांचं काम, आणि हे प्रत्येक विद्यार्थ्याला करायचंच आहे, आर्ट्सवाल्यालाही. हे तास पुन्हा स्पायरल बाइंडिंगमध्ये जाणार की गावाच्या कामाला येणार हे आत्ता, ह्या दोन-तीन वर्षांत ठरतंय, एकदा वाईट सवय पडली की मग बदलत नाही.

साठ तासांत होईल असं काम निवडलं पाहिजे. "ग्रामीण विकास: एक अभ्यास" असलं नाव घेतलंत तर काहीही हाती लागणार नाही. त्याऐवजी, गावातल्या वीस-पंचवीस विहिरींची पाणीपातळी पावसाळा संपल्यावर आणि पुन्हा मार्चमध्ये मोजा, दोरीला वजन बांधून टेपने मोजता येते, भूजल खात्याची निरीक्षण विहीर जवळ असेल तर तिच्या आकड्यांशी ताडून बघा. किंवा कॉमर्सच्या पोरांनी गावातल्या बचतगटांच्या वह्या बघून कर्ज नक्की कशासाठी घेतलं जातं ते मांडावं. भूगोलवाल्यांनी शाळा सोडलेल्या मुलींची घरं आणि एसटीचा थांबा एका नकाशावर टाकावा, बऱ्याच वेळा उत्तर त्या नकाशातच असतं. मराठी विभागालाही काम आहे, मोठं काम आहे, सरकारी योजनेचा जीआर साध्या मराठीत एका पानावर आणणं हे कुणीतरी करायलाच हवं. आणि पुढच्या वर्षीच्या बॅचने त्याच विहिरी पुन्हा मोजायच्या, कारण एका वर्षाच्या आकड्याला फार अर्थ नसतो, पाच वर्षांच्या आकड्यांवर मात्र तहसीलदारालाही बोलावं लागतं.

रिपोर्ट मराठीत, चार पानांचा, आणि तो वाचून दाखवायचा ग्रामसभेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या तारखांच्या आसपास सहसा ग्रामसभा असते, त्यातली एक धरून सबमिशनची तारीख ठेवली की झालं. मार्क देताना ग्रामसभेत लोकांनी काय प्रश्न विचारले आणि विद्यार्थ्याने काय उत्तर दिलं ह्यालाही मार्क ठेवा, त्यासाठी विद्यापीठाची वेगळी परवानगी लागू नये कारण अंतर्गत मूल्यमापन कॉलेजच्याच हातात असतं.

आणि हे वाचणारं कुणी सरपंच, उपसरपंच, ग्रामपंचायत सदस्य असेल तर त्यांच्यासाठी. तुमच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याला आता एसडीजीच्या नऊ थीम लावलेल्या आहेत, जलसमृद्ध गाव, बालस्नेही गाव, महिलास्नेही गाव वगैरे, त्यातल्या निवडून आकडे भरावे लागतात आणि ते आकडे बऱ्याचदा अंदाजाने भरले जातात. कॉलेजने येऊन तुमचं गाव दत्तक घ्यायची वाट बघू नका. तालुक्याच्या कॉलेजला तुम्हीच एक पत्र द्या, त्यात आराखड्यातला एकच प्रश्न नेमका लिहा, कुठली माहिती हवी आणि गावातला कोण माणूस पोरांबरोबर फिरेल त्याचं नाव लिहा. पत्र प्राचार्यांना द्या आणि एक प्रत त्या विषयाच्या विभागप्रमुखांना, कारण काम शेवटी तिथेच ठरतं. मे महिन्यातच द्या, जूनमध्ये टाइमटेबल आणि प्रोजेक्टचे विषय एकदा लागले की मग वर्षभर कुणाला हलता येत नाही.